राईतल्या पालीचा कौल

मलकापूरच्या पुढं डोंगरात एक देवराई आहे. तिथं भर दुपारीही उन्हाचे नुसते कवडसे उतरतात. त्या कवडशांत तानाबाई गुरवीण अर्धं आयुष्य बसून होती. नवरा गेला आणि पूजेबरोबर कौल लावणंही तिच्याकडं आलं. देवाच्या पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार. कुणाचं लग्न, कुणाची विहीर, सगळं गाव तिच्या पाकळ्यांवर चालायचं.

घरात पाल चुकचुकली की ही बाई दचकायची, पण राईतल्या पालींवर तिचा भारी जीव. बोटाएवढी मातकट पाल दिवसाढवळ्या पाचोळ्यातून मुंग्या टिपत हिंडायची. घरच्या पालीच्या डोळ्यात उभी चीर असते, हिची बाहुली गोल. अंगावर कवडसा पडला की मोरपंखी झाक उमटायची. पाषाणामागच्या कपारीला ती अंडी चिकटवायची आणि पिल्लंही तिथंच आसपास जगायची. बघता बघता तानाबाईची तंद्री लागे. आपणही ह्या पाचोळ्यातल्याच, असं तिला वाटे.

गेल्या महिन्यात ती झऱ्यावर घसरून पडली. गडमुडशिंगीत राहणारा मुलगा, सम्राट, तिला न्यायलाच आला. तिला अजिबात जायचं नव्हतं.

"देवाला इचारती," तिनं वेळ मारून नेली.

"मग आत्ताच इचार की!" तो समोर मांडी घालून बसला.

झाली का पंचाईत! तिनं पाकळ्या चिकटवल्या. "लेकासंगं जाऊ का?" विचारलं आणि मनातल्या मनात डावीला विनवू लागली. पान हलेना, पाकळी हलेना. दुपार नुसती पेंगत होती.

कपारीतून पाल आली. मुंगीमागं पाषाणावर सरसर चढली आणि तिच्या धक्क्यानं उजवी पाकळी खाली पडली.

तानाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. सम्राटला ते बघवेना.

"आये, रडू नगं. पालीनं पाडली ती. ह्यो काय कौल हाय व्हय? परत लाव."

"गावाच्या पाकळ्या कवा वाऱ्यानं पडल्या, कवा मुंगीनं. तवा मी देवाचाच कौल म्हटला. लोकांनी पोरी दिल्या त्यावर. आन् आता माझ्यावर आल्यावर पालीचा म्हणू?"

तिनं पदरानं डोळे पुसले, पाकळ्या भिजवायचा तांब्या पालथा घातला आणि लेकाचा हात धरून उठली.