खालच्या डोहावरची म्हातारी

तिची माझी पहिली भेट झाली तेव्हा मी अर्धा तास धोतर गुडघ्यापर्यंत खोचून तिच्याबरोबर काहीतरी शोधत होतो. काय, ते मला माहीत नव्हतं.

झालं असं, की शाळा सुटल्यावर मी पऱ्याच्या काठाने घरी येत होतो. डोंगरातून उतरणाऱ्या लहान ओहोळाला आमच्या रत्नागिरीकडे पऱ्या म्हणतात. बघतो तर एक म्हातारी पाण्यात वाकून एकेक दगड उलटा करते आहे, त्याचं पोट निरखते आहे आणि होता तसा परत ठेवते आहे. मला वाटलं, बिचारीची कानातली कुडी पडली. परोपकाराची हौस मला लहानपणापासून. तिला फळ मात्र अजून धरलेलं नाही. वहाणा काठावर काढल्या आणि उतरलो. वीसेक दगड उलथून झाले, एका खेकड्याने अंगठा धरला, तेव्हा कुठे विचारायचं सुचलं.

"बाई, एक पडली की दोन्ही?"

ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय पडली? मी किडं बगतंय. तुमी काय बगताव ता मला काय म्हाईत, मास्तरानू?"

वर माझ्या हातातला दगड काढून घेतला. "आन् दगड परत नीट ठेवा. त्याचा घर हाय ता. तुमचा छप्पर कुनी उलटा टाकला तर चालंल?"

मग तिने मला तो दगड दाखवला. खालच्या अंगाला तांदळाच्या दाण्याएवढी नळी चिकटलेली, वाळूचा एकेक कण जोडून केलेली. आत एक किडा. शेजारी दुसरा एक, चपटा, तीन शेपट्यांचा, उजेड लागताच पळत सुटला. मी शाळेत सृष्टिज्ञान शिकवत असे. यातला एकही प्राणी मी जन्मात पाहिलेला नव्हता.

"ह्ये हायत तवर पानी पियाचं," ती म्हणाली. "ह्ये गेलं, की घागर उपडी."

आता तुम्ही विचाराल, पाणी प्यायला इतकी उस्तवार कशाला? गावात विहीर नव्हती काय? होती. देवळाजवळ, चिरेबंदी, बारमाही. तिच्या वाडीने त्या विहिरीवर पाय ठेवायचा नाही, असा रिवाज होता. रिवाज म्हटलं की कोणाचं नाव घ्यावं लागत नाही, म्हणून तो शब्द आम्हा लोकांना फार आवडतो.

तेव्हा तिच्या वाडीला पऱ्या. आणि पऱ्याचीही वाटणी ठरलेली. वरच्या अंगाला आम्हा आगरवाल्यांचे, म्हणजे सुपारीच्या बागा असणाऱ्यांचे, बांध. तिथून पाटाने पाणी आमच्या पोफळींना जायचं. त्याखाली धुणी. त्याखाली म्हशी. आणि सगळ्यांनी आपापली घाण सोडली की उरलेलं वाडीच्या डोहाला. गावातला कोणीही या क्रमाला चूक म्हणत नसे. पाणी खालीच वाहतं, त्याला आम्ही काय करणार?

ती काय करायची, तर दर चार दिवसांनी डोहाच्या वरचे दगड बघायची आणि वाडीला सांगायची, प्या किंवा थांबा. हे काम तिला कोणी दिलं नव्हतं. सासूने दाखवलं, एवढंच ती सांगे. घरधनी लवकर गेलेला, मुलगा मुंबईला गिरणीत. आमच्या आगरात ती पालापाचोळा वाहायला यायची. आमची ही परसातल्या विहिरीच्या पाण्याचा चहा तिला अंगणात करवंटीतून द्यायची, आणि ती चहा पिता पिता माझ्या म्हशीबद्दल, माझ्या बांधाबद्दल आणि माझ्याबद्दल तोंडावर बोलायची. पाण्याविषयी कोणी काही सांगू लागलं, की तिचं एकच वाक्य: "दगडाला इचारा."

एकदा खोताने तागाचे भारे वरच्या डोहात कुजत घातले. तागाचा वाख काढायचा तर तो पाण्यात कुजवावा लागतो, आणि कुजताना तो पाण्याचा जीव घेतो. तीन दिवसांत पाणी ताकाच्या निवळीसारखं झालं, मासे तोंड वर काढून पाण्याबाहेर श्वास मागू लागले. म्हातारीने भरदुपारी डोहात उतरून ते सगळे भारे एकटीने काठावर ओढले. देवळात बैठक बसली. ती पायऱ्यांच्या खाली, उन्हात उभी.

खोत म्हणाला, "ताग काय तुझ्या डोक्यावर कुजवू?"

"कुजवा. माज्या डोक्याचा पानी कोन पीत नाय."

मी हसलो नाही. पण तिच्या बाजूने मी ठामपणे मान हलवली, हे इथे नमूद करतो. ती मान कोणाला दिसली नाही, कारण मी खांबाआड बसलो होतो. खोताने पुढे ताग आपल्या खाडीकाठच्या खाजणातल्या खड्ड्यात नेला. म्हातारीच्या तोंडाला लागणं त्याला नको होतं. या विजयात आपलाही वाटा आहे, असं मी बरेच दिवस घरात सांगत होतो.

मग आमच्या पोफळींना गळ लागली. ऐन पावसात कोवळ्या सुपाऱ्या कुजून खाली पडायच्या, झाडाखाली सडा. शेतकी खात्याच्या माणसाने उपाय सांगितला: मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून पाऊस लागण्याआधी घोसांवर फवारायचा. आम्ही तिघा आगरवाल्यांनी मिळून मुंबईच्या बोटीने पितळी पंप आणवला. त्या माणसाने हेही बजावलं होतं, की भांडी ओढ्यात धुवू नका, धुवण खड्ड्यात पुरा. मी ते वहीत लिहून घेतलं. माझं अक्षर फार सुंदर आहे.

वैशाखाचे शेवटचे दिवस. पऱ्या आटून करंगळीएवढा झालेला, डोहांना डोह जेमतेम जोडलेले. दोन दिवस फवारणी चालली. सगळं आगर निळं, गडी निळे, मीही निळा. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं होतं. खड्डा खणायचा होता, तो खणला नव्हता, आणि बांधाचा डोह दहा पावलांवर होता. पिंपं तिथे धुतली. पंप तिथे धुतला. तळाला उरलेलं सगळं तिथे ओतलं. मी ओतायला सांगितलं. कोणा गड्यावर ढकलण्याची सोय नाही, मी तिथे उभा होतो.

तिसऱ्या सकाळी डोह बघायला गेलो तर काय नितळ पाणी! शेवाळ नाही, गढूळपणा नाही, तळाची वाळू मोजून घ्यावी. मी हिला हाक मारून दाखवलं. म्हटलं, "बघ, औषधाने पाणीसुद्धा शुद्ध झालं." ते पाणी नितळ होतं कारण त्यात जिवंत असं काही उरलंच नव्हतं, आणि सृष्टिज्ञानाच्या मास्तराला ते कळलं नाही.

म्हातारी तासाभराने आली. आमच्या पायरीवर पळसाचं पान ठेवलं. पानावर मळ्या जातीचे चार मासे पोट वर करून, झिंगे पांढरे पडलेले, एक खेकडा, आणि वाळूच्या त्या नळ्या. तिने एक नळी नखाने फोडली. आतला किडा निळसर झाला होता.

"पोरं रातभर वकत हायत," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "मी दगड बगितलं व्हतं परवा. समदा बरा व्हता. मी सांगितलं, प्या. माज्या तोंडान सांगितलं. मास्तरानू, तुमी मला वाडीत खोटी पाडलाव."

मी सुपाऱ्यांची गळ, शेतकी खातं, वही असं काहीतरी बोललो.

"ता ऱ्हाऊं दे. पाऊस लागाया पंदरा दीस हायत. तवर वाडीनं काय पियाचं, येवडाच सांगा."

तेवढंच विचारलं होतं तिने. उत्तर एका शब्दाचं होतं आणि ते गावातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. शहरात तेव्हा सगळ्या जातींनी एका पंगतीला बसण्यावरून सभा गाजत होत्या. आमच्यातले दोघे तिघे गाडी जुंपून ऐकून आले होते आणि टाळ्या वाजवून आले होते. मी त्या प्रत्येकाच्या ओटीवर गेलो. देवळाची विहीर पंधरा दिवस वाडीला मोकळी करा, चूक माझी आहे, म्हणून सांगितलं. एकाने सुपारी पुढे केली. दुसरा म्हणाला, तत्त्व मान्य आहे, पण वेळ योग्य नाही. तिसऱ्याने मला उलट विचारलं, पोरांना ओकाऱ्या आंब्यांनी झाल्या नसतील कशावरून? खोत तेवढा खरं बोलला: "नाही म्हणजे नाही, मास्तर." निदान त्याने सुपारी तरी दिली नाही.

शेवटी गावाने उदार होऊन ठरवलं, की वाडीच्या बायकांनी विहिरीपासून वीस पावलांवर घागरी मांडून बसावं, आणि गावातल्या कोणी वरून पाणी ओतावं. ओतायला मी जाईन म्हणालो. चार दिवस गेलोही. पाचव्या दिवशी माझी कंबर धरली. मग ज्याला वेळ होईल तो जाई, आणि वेळ होत नसे. बायका उन्हात बसून राहत.

म्हातारी त्या रांगेत एकदाही बसली नाही. पहिल्याच दिवशी मी घागर भरायला पुढे झालो तर तिने आपली उचलून कंबरेवर घेतली.

"आमचा पऱ्या मारलाव, आन् आता भीक वाडताव?"

ती कातळ ओलांडून पलीकडच्या खोऱ्यातल्या झऱ्यावर जायला लागली. जाऊन येऊन दोन तासांची वाट, सगळी चढउताराची, कातळ असा तापलेला की दुपारी गुरंही त्यावर पाय ठेवत नाहीत. दोन खेपा स्वतःच्या, एक ओकाऱ्या झालेल्या पोरांसाठी. अकराव्या दिवशी भरल्या घागरीसकट उतारावर पडली. खुबा मोडला.

चार दिवसांनी पाऊस लागला. पऱ्या दुथडी भरून धावला, सगळं धुऊन समुद्रात घेऊन गेला, आणि विहिरीचा प्रश्न मिटला म्हणून गावाला हायसं वाटलं. आमच्या पोफळींना त्या साली गळ लागली नाही. घोस असे लगडले, की येणारा जाणारा थांबून बघे. मला ते बघवत नव्हतं असं लिहिलं तर छान दिसेल. पण मी बघत होतो, आणि बरं वाटत होतं.

ती श्रावणात गेली. वाडीतले दोघे जण अंगणात येऊन उभे राहिले; मुंबईला मुलाला कळवायचं होतं, आणि पत्र लिहिणारा गावात मीच. कार्ड घेतलं, लिहिलं: तुमच्या मातोश्री पाय घसरून पडल्या व त्यातच वारल्या. वाचून दाखवलं. दोघांनी माझ्याकडे बघितलं. मग कार्ड घेऊन गेले. सगळ्या पत्रात पाणी हा शब्द नव्हता.

मी माजघरात आलो. ही तांदूळ निवडत बसली होती. मला राग आला होता. खोताचा, टाळ्या वाजवणाऱ्यांचा, सुपारी देणाऱ्यांचा. राग कोणावर तरी काढायचा म्हणून हिच्यावर काढला. म्हटलं, "एवढी घरं पायाखाली घातली मी! एका विहिरीसाठी हात जोडले! एकाने, एकाने तरी हो म्हणावं?"

हिने सूप खाली ठेवलं.

"आपल्या परसातल्या विहिरीचं मला कधी विचारलंत?" ती म्हणाली. "मी नाहीच म्हटलं असतं. पण तुम्ही विचारलं नाहीत."