चौरंगावरचा बोल्ट

माझे भावोजी चंद्रशेखर म्हणजे सिंगापूरमधले सर्वांत भित्रे अकाउंटंट. रस्ता मोकळा असला तरी हिरव्या दिव्यासाठी थांबणार. असा माणूस नेमबाजीच्या क्लबात कसा शिरला, हे त्यांच्या बायकोला, माझ्या अरुणाताईलाही कळलं नाही.

क्लबात सैन्यानं मोडीत काढलेली एक जुनी रायफल होती. तिच्या गोळ्या भलतीकडेच जायच्या. दमट हवेनं दस्त्याचं लाकूड फुगलंय आणि नळीला दाबतंय, हे भावोजींनी ओळखलं. नळी आणि लाकूड यांमधून कागद सहज सरकेपर्यंत ते कित्येक रविवार पॉलिशपेपर घासत बसले. मग गोळ्या वाटीएवढ्या जागेत पडू लागल्या आणि स्वारी हवेत गेली.

दर खंडेनवमीला त्यांच्या घरी सुरी, कात्री आणि कॅल्क्युलेटर पुजतात. २०१६ साली त्यांना खरं शस्त्र पुजायचा मोह झाला. सफाईसाठी काढलेला बोल्ट, म्हणजे गोळी नळीत बसवणारा लोखंडी दट्ट्या, डब्याच्या पिशवीत घालून त्यांनी टॅम्पिनीसला घरी आणला. ताईनं कौतुकानं कुंकू वाहिलं.

मी जेवायला पोचले आणि क्लबातून फोन आला: बोल्ट सापडत नाही, कुणी पाहिला का? भावोजींनी फोन ठेवला आणि दाराला आतून कडी घातली. शस्त्राचा तुकडाही इथे घरी आणणं म्हणजे तुरुंग, हे त्यांना तेव्हा उमगलं.

मी म्हटलं, कचरा खाली टाकायच्या नळकांड्यात टाका. ताई म्हणाली, पुजलेलं शस्त्र उद्याच्या उत्तरपूजेपर्यंत हलवायचं नसतं. मला तिचा असा राग आला! भावोजी म्हणाले, "क्लबातल्या बंदुकांच्या कपाटाच्या चाव्या तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराकडे असतात. माझ्याऐवजी ते अडकतील." आणि त्यांनी स्वतःच पोलिसांना फोन लावला. पलीकडून सांगितलं, बोल्ट आहे तिथेच राहू द्या, पोलीस येतायत.

पोलिसांनी चौरंग पाहिला. लोखंडावरचं लाल बघून एकाचा हात थेट कमरेच्या पिस्तुलाकडे गेला. भावोजींचं इंग्रजीच पळालं. "कुंकू आहे हो ते, कुंकू," ते मराठीतच म्हणत राहिले. शेवटी मी इंग्रजीत समजावलं. तरी ते भावोजींना घेऊन निघालेच.

लिफ्टपाशी भावोजी वळले. "अरुणा, मला फार भीती वाटतेय गं."

ताई अनवाणीच लिफ्टमध्ये शिरली.