अंधाराचं बटण

त्याचं काम रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायचं. शाळेत असताना वडील म्हणायचे, "हा काय दिवे लावणार!" वडिलांचा शब्द इतका मनावर घेतला की पुढे त्याने दुसरं काही केलंच नाही.

पण छंद मात्र उलटा. चंद्र नसलेल्या दिवशी जेवणं आटोपली की जुना कॅमेरा आणि तिपाई घेऊन हा अंधार शोधायला निघे, ताऱ्यांचे फोटो काढायला. "लोकांना उजेड वाटतात नि स्वतः अंधारात चाचपडतात," असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

खाणीमागची टेकडी ही त्याची लाडकी जागा. तिथल्या वाटेवर एकही खांब नव्हता. कचेरीत विषय निघाला की हा गंभीर चेहरा करून सांगे, "तिथे खडक आहे साहेब, खड्डाच होत नाही."

अंधाराला सरावलेले डोळे पांढऱ्या उजेडाने दिपतात, म्हणून त्याने टॉर्चच्या काचेवर लाल कागद चिकटवला होता. घोटाळा तिथेच झाला.

एके सकाळी टेकडीखाली राहणाऱ्या शिंपीणकाकू कचेरीत हजर.

"साहेब, टेकडीवर लाल डोळ्याचं काहीतरी हिंडतं. वाकतं, उठतं, मध्येच श्वास रोखून उभं राहतं. परवा तर शिंकलं!"

"भूत शिंकत नाही, काकू."

"मग चोर असेल. माझी सून कामावरून उशिरा त्याच वाटेने येते. खांब हवा म्हणजे हवा."

साहेब याच्याकडे वळले. "उद्याच लाव. आता खडक फोडायचं यंत्रही आलंय."

एक खांब, की टेकडीवरचे तारे गेलेच म्हणायचे.

"साहेब," तो खाली मान घालून म्हणाला, "तो लाल डोळा माझा."

कचेरी हसून लोळली. काकू तेवढ्या हसल्या नाहीत.

"मेल्या, तुझ्यापायी मी खिडक्या लावून घामाघूम झोपतेय! तू तारे बघ नाहीतर तोड. माझ्या सुनेला वाट दिसली पाहिजे."

खांब त्यानेच उभा केला. पण कमरेइतका बुटका, दिव्याला वरून पत्र्याची टोपी. तरी उजेड टेकडीवर सांडायचाच. मग त्याने काकूंची मनधरणी केली आणि बटण त्यांच्या ओट्यावर बसवलं. ठरलं असं, की सून घरात आली की काकूंनी दिवा मालवायचा.

झालं! याच्या ताऱ्यांची किल्ली काकूंच्या सुनेच्या हाती गेली. तिला उशीर झाला की हा तिपाई मांडून बोटं मोडत बसे. शेवटी तिला आणायला स्कूटर घेऊन बसथांब्यावर जाऊ लागला.

"मला नाही कधी आणायला आलात ते!" बायको म्हणाली.

"तू आल्यावर दिवा कुठे विझतो?" एवढं बोलून त्याने दोन दिवसांचा अबोला ओढवून घेतला.

मग एका रात्री आभाळ असं लख्ख निघालं की थांब्यावरच याचा जीव खालीवर होऊ लागला. सून बसमधून उतरून मागे बसते न बसते तोच त्याने स्कूटर पिटाळली. काकूंनी ओट्यावरून आवाज ओळखला. बिचारा किती खोळंबतो रोज, म्हणून त्यांना दया आली आणि त्यांनी आधीच बटण दाबलं.

सून अजून वाटेवरच होती. आणि गावभरचे दिवे दुरुस्त करणाऱ्याच्या स्कूटरचा दिवा कधीचाच गेलेला.

स्कूटर चरात शिरली. सून टुणकन बाजूला उतरली. हा मात्र गवतात उताणा.

"काका! लागलं का? अहो, बोला ना काहीतरी!"

"शू," तो वर बघत म्हणाला. "डिकीतून कॅमेरा काढ. आणि सासूबाईंना ओरडून सांग, दिवा लावायला धावू नका म्हणावं. मी इथेच बरा आहे."