बछड्याला दूध पाजतानाचा फोटो

आमच्या दिवाणखान्यात बायकोने हौसेने एक फोटो लावलाय. आफ्रिकेतल्या एका खाजगी अभयारण्यात मी सिंहाच्या बछड्याला बाटलीने दूध पाजतोय. बछडे सांभाळणाऱ्या बाई जवळच्याच गावातल्या. त्यांना मी विचारलं होतं, "याची आई मेली का?"

"नाही, पलीकडच्या कुंपणात आहे. पिल्लू तिच्यापासून तोडलं की ती लवकर पुन्हा गाभण राहते."

"आणि हा मोठा झाल्यावर?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "हा माणसाला बुजत नाही. पैसे भरून शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांना मारायला सोपा जातो."

म्हणजे माणसाच्या हाताला भ्यायचं नाही, हे मीच त्याला शिकवत होतो.

घरी येणारे लोक तो फोटो बघून म्हणतात, "केवढी माया आहे हो तुमच्या हातात." मला शिसारी येते, आणि त्याच हाताने मी त्यांना चहा देतो.