जिभेला लावलेला सेल
नऊ व्होल्टचा चौकोनी सेल हातात आला की मी अजूनही नकळत त्याची टोकं जिभेला लावतो, आणि ती आंबट झिणझिणी मला पारोळ्यातल्या जयंतीच्या मांडवात नेऊन बसवते. धाकटा भाऊ पहिल्यांदाच भीमगीतांना गिटारची साथ करत होता, आणि पहिल्याच गाण्यात स्पीकरमधला गिटारचा आवाज खरखरला नि बंद पडला. त्याने वायर बदलली, बटणं फिरवली, शेवटी गिटारमधला, स्पीकरपर्यंत आवाज पोचवणारा सेल काढून जिभेला लावला. झिणझिणी नाहीच, सेल उतरलेला. पुढे बसलेले एक आबा म्हणाले, "काय भो, तुनी गिटार उपाशी शे का?" मांडव हसला. "दादा, तालमीच्या दिवशीच नवा टाकला होता," तो पुटपुटला. तेव्हा मला आठवलं, तालमीनंतर गिटार मीच उचलून ठेवली होती, वायर तशीच खोचलेली. वायर आत असली की सेल उतरत राहतो, हे त्यानेच मला शिकवलेलं. तरी सगळ्यांदेखत मीच म्हणालो, "वायर काढून ठेवत जा ना! लक्ष कुठे असतं तुझं?" तो मान खाली घालून बसला. आता तो धुळ्यात गिटार शिकवतो. परवा गेलो तेव्हा मुलांना सांगत होता, "वायर काढा रे, मी एकदा विसरलो होतो." मी चहा पिऊन परतलो. हे ओझं वाहून थकलोय आता. तो विसरला नव्हता, मी विसरलो होतो.