आखाजीला केलेली किनोआची खिचडी

मला साखर निघाली, म्हणजे मी मेले नव्हते. पण एरंडोलजवळच्या आमच्या घरात त्या दिवसापासून माझ्या ताटाकडे सगळे असे बघायला लागले, जणू त्यात औषधच वाढलंय. डॉक्टरांनी भात बंद केला. आता खानदेशात रोज संध्याकाळी खिचडी. तीच बंद म्हटल्यावर बाईने जेवायचं तरी काय?

पुण्याच्या लेकीने किनोआचं पाकीट पाठवलं. फोनवर म्हणाली, "आई, भातासारखंच शिजव. पण तेही वाटीने मोजून खा हं." पाकीट फोडलं तर राजगिऱ्यापेक्षा जरा मोठे, पिवळट दाणे. मी सुपात घेतले, दोनदा पाखडले आणि सरळ फोडणीत टाकले. आमच्याकडे ज्वारी-बाजरी कोण धुतं? पाखडली की झालं. पहिला घास घेतला आणि अगं बाई, कडूजहर! नवरा म्हणाला, "हाई काय शे? साबण?" आणि ताट सारून उठला. मी लेकीला फोन करून झाप झाप झापलं. ती शांतपणे म्हणाली, "धुतलास का?"

मग हट्टालाच पेटले. चार पाण्यांनी, हाताने चोळून, फेस जाईपर्यंत धुवायचा. कापडावर निथळायचा. तूरडाळ तासभर भिजवून आधी बोटचेपी शिजवून घ्यायची, कारण किनोआ पाव तासात होतो आणि डाळीला वेळ लागतो. फोडणीत मोहरी, जिरं, हिंग, शेंगदाणे, कांदा आणि ठेचलेला लसूण. लसूण मोजायचा नाही. त्यावर काळा मसाला, हळद, मीठ, मग किनोआ परतून दुप्पट गरम पाणी. दाण्याला पांढरी शेपटी सुटली की गॅस बंद, झाकण ठेवून दहा मिनिटं हात लावायचा नाही. उरली तर सकाळी ज्वारीचं पीठ, मेथी नि तीळ घालून थालीपीठ. हिवाळ्यात वांग्याच्या भरताखाली भाताऐवजी हाच. महिनाभरात नवरा मागून खायला लागला. तोंडाने कबूल करत नाही, ती गोष्ट वेगळी.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले, पिंपळनेरजवळ. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीने चुलीकडे बघायचंही नाही, अशी आमची रीत. झोके खेळा, खा, झोपा. साठीला टेकले तरी मी त्या चार दिवसांची वर्षभर वाट बघते. दुपारी आत पंगत बसली. पुरणपोळी, आंब्याचा रस, कुरडया. मी बसायला गेले तर भावजय म्हणाली, "अक्का, तुनासाठे येगळं करेल शे." वेगळं म्हणजे बाहेर ओट्यावर एक ताट. उकडलेले मूग, बिनतेलाची भाजी, एक भाकरी. आणि त्या ताटाशेजारी दुसरं तसलंच ताट, त्यावर माझे आबा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आबांना साखर निघून सहा वर्षं झाली. सहा आखाज्या मी आत बसून रस ओरपत होते आणि माझा बाप बाहेर एकटा मूग गिळत होता. मी विचारायची तेव्हा सगळे म्हणायचे, त्यांनाच बाहेर बरं वाटतं. मीही मानायची. मानायला सोपं होतं ना! लाज वाटली मला. मी त्यांच्याजवळ बसून मूग खाल्ले. त्यांनी आपल्या ताटातला कांदा माझ्या ताटात ठेवला.

संध्याकाळी पिशवीतून किनोआ काढला आणि पदर खोचून स्वयंपाकघरात शिरले. भावजय आडवी आली. "अक्का, लोक काय म्हणतील? आखाजीनी लेक चूलपुढे?"

"म्हणू दे. एकाच पातेल्यात करणार आहे, सगळ्यांना. घरात आज भात शिजणार नाही."

धाकटा भाऊ कुरकुरला, "बठ्ठासले कशाले आजाऱ्याचं खानं?"

"हो, सगळ्यांना. आजाऱ्याचं? खाऊन बघ आणि मग बोल."

पातेलं आणून मधोमध ठेवलं. शेंगदाण्याच्या कच्च्या तेलाची वाटी, भाजलेले उडदाचे पापड, कैरीचं लोणचं, ताक. ओट्यावर जाऊन आबांचा हात धरला. ते म्हणाले, "राहू दे ना बाई, मी आठे बरा." मी म्हटलं, "इथे बरे नाही तुम्ही. उठा." आणि त्यांना आणून पंगतीत भावाशेजारी बसवलं. भावाने तेल ओतलं, पापड चुरला, घास घेतला. दुसऱ्यांदा पातेल्याकडे हात गेला तो त्याचाच. आबांनी ताट पुसून खाल्लं. त्यांच्या वाटणीचं मी मोजून वाढलं होतं, तरी म्हणाले, "थोडी आखो दे." डोळे भरून आले माझे, पण चमचाभरच दिली.

मग त्यांनी विचारलं, "सकाय कोन करी?"

उद्या कोण करणार? उद्या मी होते, पण पुढे? मी परवा जाणार होते. भावजय खाली बघत होती. पहाटेपासून राबणाऱ्या त्या बाईवर आणखी एक काम कोणत्या तोंडाने टाकू? मी भावाकडे वळले.

"तू करशील."

"मी?" तो हसायला लागला. "मी कधी चहा नही करा."

"मग उद्यापासून कर. बाप तुझाही आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला उभं केलं. मी स्टुलावर बसले, कशालाही हात लावला नाही. गडी नुसता घामाने निथळत होता. पाणी ओतताना हात सैल पडला आणि खिचडीची पार पेज झाली. मीठही जास्त. पंगतीत वाढताना त्याची मान वर होईना. "आबा, बिघडनी," तो म्हणाला. "सांगा, बाहेर काही येगळं देऊ का?"

आबांनी ताट पुढे ओढलं. "बिघडू दे," ते म्हणाले. "मी आठेच बससू."