आक्काच्या दारापर्यंत

परभणीच्या स्टँडवर पोचलो तेव्हा गावात विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा चालला होता. जिंतूरची एस.टी. तासभर उशिरा सुटली. मला उलट बरंच वाटलं. बोरीला उतरून आक्काच्या गावापर्यंत कोसभर (दोनेक मैल) चालायचं होतं, आणि मी मनातून घाबरलो होतो.

दोन वर्षांपूर्वी साताऱ्यात स्कूटरवरून पडलो आणि मांडीचं हाड मोडलं. पाठोपाठ दाजींचं पत्र आलं: तुझ्या बहिणीने नवस बोललाय, तू स्वतःच्या पायांनी दारात येईपर्यंत ती चप्पल घालणार नाही. मी चिडलो. देवाशी माझं तेव्हा भांडणच होतं. पण धसकटांतून (कापणीनंतर उरलेल्या ज्वारीच्या टोकदार बुंध्यांतून) अनवाणी हिंडणारी आक्का डोळ्यांपुढून हलेना. चालायची परवानगी मिळाली त्या दिवशी खाटेपासून खिडकीपर्यंत गेलो. महिन्याने जिना उतरलो. मग रोज एक घर पुढे, असं करत वर्षाने मंडई गाठली.

बोरी मागे पडली. दोन्ही बाजूंना काळी रानं, ज्वारी निघालेली. मागून बैलगाडी आली.

"बसा पाव्हणं. उन्हाचं पायी कशाला जायलाव?" गाडीवान म्हणाला.

मी कारण सांगितलं, तर हा खालीच उतरला. "मग मीबी येतो संगं. बैलायला वाट म्हाईत हाय."

रिकामी गाडी पुढे आणि आम्ही दोघं मागे, अशी आमची वरात निघाली.

ओढ्यापाशी पायात गोळा आला आणि मी मटकन खाली बसलो. गाडीवान हळूच म्हणाला, "येशीपर्यंत गाडीत बसा. बाईला कोण सांगायलंय?"

खोटं कशाला बोलू, मोह झाला. कुणालाच कळलं नसतं. पण आक्काने या दोन वर्षांत, कुणी बघत नसताना, चपला घातल्या असत्या तर ते तरी कुणाला कळलं असतं? मी मांडी चोळली आणि उठलो.

येतोय म्हणून पत्राने कळवलं होतंच; आक्का दारात उभी होती. एक पाऊल पुढे आली नाही. दाजी मला धरायला धावले, तर तिने त्यांना अडवलं.

"हात लावू नका त्याला. येऊ द्या."

ती शेवटची वीसेक पावलं मी ताठ मानेने चाललो.

"लय उशीर केलास, बाळू," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. मीही रडलो.

दाजींनी कागदात जपून ठेवलेल्या चपला आणल्या. सवय मोडलेली आक्का अंगणात अशी अडखळत चालली की सगळं घर हसलं. गरम भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी; मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. संध्याकाळी आक्काबरोबर मारुतीच्या देवळात गेलो आणि अपघातानंतर पहिल्यांदा हात जोडले.

तिसऱ्या दिवशी निघालो. हे नवसाने झालं की व्यायामाने, असं साताऱ्यात विचारतील. मला इतकंच ठाऊक आहे, माझा माझ्या पायावर विश्वास नव्हता तेव्हाही आक्काचा होता, आणि त्या विश्वासाला जागायचं म्हणून मी रोज चालत राहिलो.

बोरीला एस.टी. खचाखच भरून आली. कंडक्टर म्हणाला, "जागा न्हाई, उभं ऱ्हावं लागंल."

मी परभणीपर्यंत उभा आलो. अगदी मजेत आलो.